पहिलीत जाण्याची तयारी: ती पाहायची कशी आणि कशासाठी

पुण्यात दिवाळी सरली की शाळाप्रवेशांची धावपळ सुरू होते. कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये, सिंहगड रस्त्यावरच्या बागांमध्ये, हडपसरला शाळेच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या पालकांमध्ये एकच विषय चालू असतो: कोणत्या शाळेचे अर्ज कधी निघणार, मुलाला काय विचारणार, त्याला रंगांची नावे येतात का, शंभरपर्यंत अंक म्हणता येतात का. सिनियर केजीच्या वर्षअखेरीस 'मूल पहिलीसाठी तयार आहे' किंवा 'अजून थोडे कच्चे आहे' असा शेरा हातात पडतो आणि घरात चिंता शिरते. या सगळ्या गडबडीत तीन साधे प्रश्न मात्र मागे पडतात. साडेपाच-सहा वर्षांच्या मुलाची तयारी पाहता येते का, येत असेल तर कशी, आणि पाहून झाल्यावर त्या माहितीचे काय करायचे? माझ्या मते यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

शाळेसाठी तयार असणे म्हणजे नेमके काय, याविषयीची समज गेल्या शंभर वर्षांत बरीच बदलली आहे. अमेरिकेत येल विद्यापीठातील अर्नॉल्ड गेझेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण करून वयानुसार येणारे विकासाचे टप्पे नोंदवले. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढू लागते, चौथ्या वर्षाच्या सुमारास अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन, त्यानंतर त्रिकोण, आणि पतंगासारखा तिरका चौकोन जमायला बहुतेकांना सहा-सात वर्षे लागतात. हे टप्पे ढोबळमानाने आजही खरे आहेत आणि बालरोगतज्ज्ञ त्यांचा उपयोग करतात. गडबड झाली ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. विकास आतून, आपल्या गतीने होतो, म्हणून जे मूल अजून त्या टप्प्यावर आलेले नाही त्याला वर्षभर घरी थांबवावे, असा सल्ला त्यावरून दिला जाऊ लागला. परंतु ज्या मुलाच्या हातात कधी खडू किंवा पेन्सिल आलीच नाही, त्याचा चौकोन वाकडा येण्याचे कारण वय नसून संधीचा अभाव हे असते, आणि अशा मुलाला आणखी एक वर्ष घरी बसवल्याने ती संधी मिळत नाही. सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलालाच शाळेबाहेर ठेवणारा हा सल्ला आहे.

पुढे ही समज रुंदावली. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक उद्दिष्टे मंडळाने १९९५ मध्ये तयारीची पाच अंगे मांडली: शरीराचे आरोग्य व हालचालींवरील ताबा, सामाजिक आणि भावनिक वाढ, शिकण्याकडे पाहण्याची वृत्ती, भाषा, आणि विचारशक्ती व सामान्य ज्ञान. अक्षरे आणि अंक हे या पाचांपैकी एक-दोन अंगांचा छोटासा भाग आहेत, हे लक्षात घेतले तरी आपल्याकडच्या अनेक मुलाखती किती अपुऱ्या आहेत ते कळते. युनिसेफने पुढे या विचाराला तीन बाजू दिल्या. मूल तयार हवे, शाळा तयार हवी आणि कुटुंबही तयार हवे. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानला आहे, म्हणजे बालवाडी, पहिली आणि दुसरी ही एकाच टप्प्याची वर्षे आहेत. बालवाडी आणि पहिली यांच्या मधल्या उंबरठ्यावर मुलाची परीक्षा घ्यावी, या कल्पनेला त्यात जागा उरत नाही. या स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वयोगटासाठी लेखी-तोंडी चाचण्या अयोग्य मानल्या आहेत आणि मुलांचे निरीक्षण व त्यांनी केलेली चित्रे-वस्तू पाहणे हाच मूल्यमापनाचा मार्ग सांगितला आहे.

एका बैठकीतील चाचणीवर विश्वास का ठेवू नये, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पाच वर्षांचे मूल अनोळखी खोलीत, अनोळखी बाईंसमोर, आई दाराबाहेर असताना जे बोलते ते त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीचे माप असते. त्याची झोप झाली होती का, त्याला भूक लागली होती का, त्या बाईंचा चेहरा हसरा होता का, यावरही उत्तर बदलते. पुन्हा या वयात वाढ सरळ रेषेत होत नाही. दोन महिने गप्प असलेले मूल अचानक पूर्ण वाक्ये बोलू लागते, महिनाभर सुरेख चित्रे काढणारे मूल कागदाला हातही लावत नाही. कॅरन ला पॅरो आणि रॉबर्ट पियान्टा या संशोधकांनी २००० साली अशा चाचण्यांवरील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. सुरुवातीच्या इयत्तांमध्ये मुलांच्या अभ्यासातील प्रगतीत जो फरक दिसतो, त्याचा फार तर चौथा हिस्सा शाळेपूर्वीच्या बौद्धिक चाचण्यांवरून सांगता येतो, आणि सामाजिक वर्तनाच्या बाबतीत तर जेमतेम दहावा, असे त्यांना आढळले. बाकीचे सारे त्या मुलाला पुढे कशी शिक्षिका मिळते, वर्गात काय घडते, घरी काय वातावरण असते यावर ठरते.

आता एक काल्पनिक आकडेमोड पाहू. समजा, एका शाळेत १०० मुले आली आणि त्यांपैकी १० मुलांना पुढे शिकताना खरोखर अडचण येणार आहे. शाळेकडे बऱ्यापैकी चांगली चाचणी आहे: अडचण असलेल्या मुलांपैकी ८० टक्के मुले ती ओळखते आणि अडचण नसलेल्या मुलांपैकी ८० टक्के मुलांना ती बरोबर 'ठीक' ठरवते. ऐकायला हे चांगले वाटते. पण हिशेब मांडला की १० पैकी ८ मुले सापडतात, २ निसटतात, आणि उरलेल्या ९० पैकी ७२ ठीक ठरली तरी १८ मुलांवर विनाकारण 'तयार नाही' असा शिक्का बसतो. म्हणजे चाचणीने एकूण २६ मुले वेगळी काढली आणि त्यांतली १८, दोन तृतीयांशांहून अधिक, पूर्णपणे ठीक होती. या शिक्क्याचा अर्थ 'या मुलांकडे जरा जास्त लक्ष द्या, त्यांच्याशी रोज थोडे अधिक बोला आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहा' असा असेल, तर त्या १८ मुलांचे काहीच बिघडत नाही, उलट त्यांना चार गोष्टी जास्त ऐकायला मिळतात. त्याच शिक्क्याचा अर्थ 'प्रवेश नाही' किंवा 'एक वर्ष मागे' असा असेल, तर १८ मुलांवर अन्याय झाला आणि शिवाय ज्या ८ मुलांना खरी मदत हवी होती त्यांनाही ती मिळाली नाही. साधन तेच, पण वापर बदलला की ते उपकारक किंवा अपायकारक ठरते. म्हणून कोणत्याही शाळेच्या तयारी-चाचणीविषयी पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: याच्या निकालावर तुम्ही काय करणार आहात?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कोणतीही छाननी करण्यास मनाई आहे. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र या कायद्यात 'बालक' म्हणजे ६ ते १४ वर्षांचे मूल अशी व्याख्या असल्यामुळे नर्सरी आणि केजीच्या प्रवेशांबाबत शाळा त्यातून वाट काढू पाहतात, आणि छाननीला 'संवाद' किंवा 'ओळखभेट' असे नाव दिले जाते. नाव कोणतेही असो, मुलाला बसवून प्रश्न विचारणे आणि त्यावरून कोणाला घ्यायचे ते ठरवणे ही छाननीच आहे, असे मला ठामपणे वाटते.

चिंचोके, चिमणी आणि डब्याचे झाकण

मग तयारी पाहायची कशी? रोजच्या खेळात आणि वागण्यात, अनेक दिवस, ओळखीच्या माणसाने. बालवाडीतल्या अनुभवी ताई हे सहज करतात, त्याला फक्त नोंदीची जोड हवी.

गणिताचे उदाहरण घेऊ. पुष्कळ पालक मोठ्या अभिमानाने सांगतात की मूल पन्नासपर्यंत अंक म्हणते. म्हणणे ही पाठांतराची गोष्ट आहे, ते बडबडगीतासारखेही होऊ शकते. त्याऐवजी सतरंजीवर मूठभर चिंचोके पसरा आणि मुलाला म्हणा, "मला यातले पाच दे." काही मुले ओंजळ भरून देतात आणि तरीही 'पाच' म्हणतात. काही एकेक चिंचोका उचलतात, 'एक, दोन, तीन' म्हणतात, पण एकाच चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवतात किंवा मधला एखादा सोडतात. काही जण पाचपर्यंत नीट मोजून थांबतात आणि देतात. मग पुढचा प्रश्न, "हे किती झाले?" ज्या मुलाला संख्येचा अर्थ उमगला आहे ते लगेच 'पाच' म्हणते, ज्याला अजून उमगलेला नाही ते पुन्हा एकपासून मोजायला घेते. मोजताना शेवटी आलेला अंक म्हणजेच त्या ढिगाची एकूण संख्या, ही कळीची समज आहे. हे पाच मिनिटांचे निरीक्षण शंभरपर्यंतच्या पाठांतरापेक्षा शिक्षिकेला कितीतरी जास्त सांगते, कारण उद्या काय करायचे ते त्यातून कळते: पाटावर पाच ताटल्या मांडायला सांगायच्या, प्रत्येक ताटलीत एक लाडू ठेवायला सांगायचा, जिन्याच्या पायऱ्या चढताना मोजायच्या. मराठीतील अकरापासून नव्याण्णवपर्यंतची संख्यानामे एकेक करून लक्षात ठेवावी लागतात, त्यामुळे 'एकोणपन्नास'ला अडखळणारे मूल गणितात कच्चे आहे असे समजण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःला आवरण्याची क्षमता. शाळेत जे जड जाते ते बहुधा इथे. पाळी येईपर्यंत थांबणे, दोन सूचना एकामागून एक लक्षात ठेवणे, मनात आलेली पहिली कृती रोखणे हे सगळे या वयात हळूहळू येत असते. ते पाहायला कोणतेही महागडे साहित्य लागत नाही. 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र' हा आपला जुना खेळ त्यासाठी उत्तम आहे. उडणाऱ्याचे नाव आले तरच हात वर करायचा असतो. 'पोपट भुर्र'नंतर लगेच 'म्हैस भुर्र' आले की तीन-चार वर्षांची बहुतेक सारी मुले हात वर करून मोकळी होतात. पाच-साडेपाच वर्षांचे मूल हात अर्धा उचलते, थबकते आणि हसत खाली घेते. ते अर्ध्यावर थबकणे ही मोठी प्रगती आहे आणि ती नोंदवहीत लिहून ठेवण्याच्या योग्यतेची आहे. परदेशातील संशोधक याच क्षमतेसाठी 'डोक्याला हात लाव म्हटले की पायाला लाव' अशा उलट्या सूचनांचा खेळ वापरतात.

भाषेत अक्षरे गिरवण्यापेक्षा कान आणि बोलणे महत्त्वाचे. गोष्ट अर्धी सांगून 'पुढे काय झाले असेल?' असे विचारल्यावर मूल काही रचून सांगते का, 'बटाटा' या शब्दाला तीन टाळ्या पडतात हे त्याला ऐकू येते का, 'कप' आणि 'कणीस' यांची सुरुवात सारखी आहे हे त्याला जाणवते का. ज्याला ध्वनी वेगळे ऐकू येऊ लागले त्याला अक्षरे पुढे सोपी जातात. हातांच्या बाबतीत पेन्सिल धरण्याआधी डब्याचे झाकण उघडणे, शर्टाची बटणे लावणे, पाण्याच्या बाटलीचे बूच फिरवणे पाहावे. शू-शी लागल्याचे बाईंना सांगता येणे ही तर सर्वांत व्यावहारिक तयारी, आणि तिचा उल्लेख प्रवेशाच्या गप्पांमध्ये क्वचितच होतो.

कोणत्या भाषेत विचारता?

इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशासाठी पुण्यात जी भेट होते, तिच्यात मराठी घरातल्या मुलाला बरेचदा इंग्रजीत विचारले जाते. घरी 'वांगी रंग' किंवा 'जांभळा' म्हणणाऱ्या मुलीला रंग दाखवून 'व्हॉट कलर इज धिस?' विचारले आणि ती गप्प राहिली, तर तिला रंग कळत नाहीत असे सिद्ध होत नाही. तिला फक्त तो प्रश्न कळलेला नसतो. हीच गोष्ट मराठी शाळेतही उलट दिशेने घडते. वाघोली, बाणेर, मांजरी अशा भागांतील बांधकामांवर आई-वडील काम करतात ती मुले मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली असतात, त्यांची घरची बोली वेगळी असते, आणि त्यातल्या अनेकांनी बालवाडी पाहिलेलीही नसते. डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था पुण्यात अशा मुलांसोबत अनेक वर्षे काम करत आहेत. अशा मुलाचे निरीक्षण त्याच्या बोलीत, किंवा शब्द कमीत कमी लागतील अशा खेळातून केले नाही, तर ते भाषेच्या ओळखीचे माप होते आणि मुलाची बुद्धी त्यात दिसतच नाही.

डिसेंबरची मुले

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षे पूर्ण होणे आवश्यक धरले जाते, तर केंद्रीय विद्यालयांमध्ये हीच तारीख ३१ मार्च आहे. राज्याच्या नियमाने जूनमध्ये पहिलीत बसणारे डिसेंबरात जन्मलेले मूल साडेपाच वर्षांचे असते आणि त्याच बाकावर शेजारी बसलेले जानेवारीत जन्मलेले मूल जवळजवळ साडेसहा वर्षांचे. मोठ्यांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे काहीच नाही, पण साडेपाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या, लहान वयातील मुलांवरील २०१९ च्या अहवालात पहिलीच्याच वर्गात मोठ्या वयाची मुले भाषेच्या आणि विचारांच्या कामांत लहान वयाच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे दिसली होती. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे प्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे अशा राज्यांमध्ये, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांना अतिचंचलतेचे निदान होण्याचे प्रमाण सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त आढळले. नुसते वय लहान असणे आजारासारखे दिसू शकते, ही फार गंभीर गोष्ट आहे. म्हणून कोणतीही तुलना करण्याआधी शिक्षिकेच्या यादीत मुलाच्या नावापुढे जन्ममहिना लिहिलेला असावा. पालकांना निवडीची मुभा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलासाठी एक वर्ष थांबण्याचा विचार जरूर करावा, पण ते वर्ष चांगल्या बालवाडीत जाणार असेल तरच. घरी मोबाइलसमोर जाणार असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

पाहणे आणि लगेच मदत करणे

सरकारी शाळांमध्ये या बाबतीत एक चांगला प्रयत्न झाला आहे, तो पुण्यातील खासगी शाळांच्या पालकांना फारसा माहीत नसतो. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान राज्यभर सुरू झाले. त्यामागे पुण्यातच कार्यालय असलेली महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे आणि तिला प्रथम या संस्थेचे साहाय्य आहे. पहिलीत येणारी मुले आणि त्यांच्या आया शाळेत जमतात, मूल शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारीच्या टेबलांवरून फिरते, उड्या मारते, वस्तूंचे गट करते, चित्राचे वर्णन करते, आणि त्याच्या विकासपत्रावर काय जमले, कशाला मदत लागली याची नोंद होते. महत्त्वाचे ते यापुढे आहे. आईला घरी करायच्या कृती समजावून दिल्या जातात, वस्तीतल्या मातांचे गट सुट्टीत त्या कृती करून घेतात आणि जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा मेळावा होतो, तिथे मूल किती पुढे आले ते आई स्वतः पाहते. कोणालाही नाकारले जात नाही. जिथे हा मेळावा फुगे, पताका आणि फोटो यांपुरता उरतो आणि मधल्या आठवड्यांत कोणी घरी डोकावत नाही, तिथे त्याचा गाभाच हरवतो, आणि मधले आठवडे सांभाळण्यासाठी मुख्याध्यापकांनी सर्वांत जास्त ताकद लावावी असे मला वाटते. पहिलीत आल्यानंतरही वेळ हातात असतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचा २०२१ मधील 'विद्याप्रवेश' हा १२ आठवड्यांचा, रोज ४ तासांचा खेळांचा कार्यक्रम त्यासाठीच आहे. बालवाडी न पाहिलेले मूलही त्यातून वर्गाशी जुळवून घेते.

'तयार नाही' असा शेरा देण्यापूर्वी आणखी एक तपासणी आवश्यक आहे, ती म्हणजे कान आणि डोळे. या वयात वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, ऐकू कमी-जास्त येत राहते, आणि असे मूल हाक मारल्यावर वळत नाही म्हणून हट्टी किंवा मंद ठरते. फळ्याजवळ जाऊन पाहणारे मूल चंचल वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून आरोग्य पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा मोफत तपासणी करतात, आणि विकासात अडचण दिसली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. खासगी शाळेत मूल असेल तर ही तपासणी बालरोगतज्ज्ञांकडून करून घेण्याची जबाबदारी पालकांची असते.

शेवटचा मुद्दा नोंदींच्या प्रवासाचा. बालवाडीच्या किंवा अंगणवाडीच्या ताईंनी वर्षभर पाहिलेले, लिहिलेले, जपलेले सारे मे महिन्यात कपाटात बंद होते आणि जूनमध्ये पहिलीच्या बाई त्याच मुलाला कोऱ्या पाटीने भेटतात. अनेकदा अंगणवाडी शाळेच्या आवारातच असूनही हे घडते. पालकांनी एप्रिलमध्ये ताईंना विनंती करून मुलाची दोन-चार चित्रे, विकासपत्राची प्रत आणि ओळीभराच्या तीन गोष्टी मागून घ्याव्यात: त्याला काय मनापासून आवडते, कशाला मदत लागते, आणि रडू लागले की ते कशाने शांत होते. मग पहिल्या आठवड्यात त्या पहिलीच्या बाईंच्या हातात द्याव्यात.